पंचवीस रोगी

"पंचवीस पाहिजेत," गुप्तेसाहेब म्हणाले. "तुमच्याकडे किती आहेत?"

"एकही नाही," डॉक्टर हिलाल पाटील म्हणाले.

"मग संपलं."

आरोग्य खात्याचा हा साहेब धुळ्याहून सोळा मैल धूळ खात आला होता, तो एवढंच सांगायला. चिंचखेड्याच्या दवाखान्यात खुर्ची एकच. तिच्यावर साहेब बसले होते आणि उजव्या पायाचा बूट काढून मोज्यासकट पाय बाकावर पसरला होता. नवे बूट चावतात म्हणे. सकाळपासून नुसती आग आग.

डॉक्टरांची आग होत होती ती मस्तकात.

गेल्या वर्षीपर्यंत चैत्र लागला की या गावातल्या खाटा भरायच्या. नारू. पायावर फोड यायचा, निखारा ठेवल्यासारखा जळायचा. रोगी फरफटत बारवेच्या पायऱ्या उतरायचा आणि पाण्यात पाय सोडून बसायचा. त्याला गार वाटायचं. फोड फुटायचा, आतल्या दोऱ्यासारख्या किड्याची पिलं पाण्यात सुटायची, तेच पाणी गाव प्यायचं, पिलं वर्षभर अंगात वाढायची, आणि पुढच्या चैत्राला पुन्हा खाटा तयार.

डॉक्टरांनी गावच्या सुईणीला, भिकुबाईला, बरोबर घेऊन दारोदार फिरून पाणी गाळायला लावलं. कुठल्या घरात कापड एकपदरी, कुठल्या घरात चारपदरी, कोण पडलं, कोण वाचलं, सगळं वहीत टिपलं. गेल्या वर्षी रोगी एकेचाळीस. यंदा शून्य. आता बारवेच्या पायऱ्या तेवढ्या बुजवायच्या होत्या. वरून कठडा आणि रहाट बसवला की कुणाचा पाय पाण्याला लागणारच नव्हता. अनुदान मागितलं होतं ते त्यासाठी.

"अर्ज केला तेव्हा एकेचाळीस होते, साहेब. तुम्ही स्वतः मोजलेत!"

"तेव्हा अर्जाची एकच प्रत होती. तीन लागतात."

"मग तीन पाठवल्या की."

"त्या वर पोचेपर्यंत तुमचे रोगी बरे झाले. त्याला खातं काय करणार?"

डॉक्टरांना हसावं की डोकं आपटावं कळेना. रोग पोसला असता तर सरकार पावलं असतं. रोग घालवला, हा गुन्हा झाला.

भिकुबाईनं तांब्या पुढे केला. "घ्या साहेब. चार पदरातून गाळेल शे. बठ्ठा गाव हाईच पानी पेस."

"मागच्या चैत्रात सांगितलं होतं ना बाई? लुगड्यातून गाळलेलं पाणी मी पीत नाही."

सांगितलं होतं खरं. तेव्हा साहेब ताडताड बारवेत उतरले होते, हातपाय धुऊन ओंजळीओंजळीनं पोटभर प्यायले होते आणि वर येऊन "अमृत!" म्हणाले होते. भिकुबाई पुढे महिनाभर पाणवठ्यावर त्यांची नक्कल करून बायकांना हसवत होती. आत्ताही तिनं पदर तोंडाला लावला.

"साहेब, हात जोडतो," डॉक्टर म्हणाले. "पायऱ्या बुजवू द्या. बाहेरगावचा एक रोगी आला, एकदा पाय बुडवून गेला, की दोन वर्षांचं काम मातीत."

"आला तर कळवा. पंचवीस झाले की नवा अर्ज करा."

"म्हणजे मी गाव आजारी पडायची वाट बघू?"

"नियम मी केलेले नाहीत, पाटील." साहेबांनी शेरा लिहिला: रोग आढळला नाही, अनुदानाची गरज नाही. "तिन्ही प्रतींवर सही करा आणि गाडीकडे आणून द्या."

बूट हातात घेऊन, लंगडत, कण्हत ते बाहेर पडले. जीप बारवेजवळ चिंचेच्या सावलीत उभी होती. भिकुबाईही घागर घेऊन त्याच वाटेनं गेली.

डॉक्टरांनी पहिल्या प्रतीवर सही केली. दुसरीवर करताना टाकाचं निब मोडलं. दुसरा टाक शोधण्यात आणखी थोडा वेळ गेला. तिसऱ्या प्रतीवर सही होते न होते तोच भिकुबाईची हाक आली.

"डॉक्टरभाऊ! पळत या! लवकर या!"

कागद मुठीत धरूनच ते धावले. बारवेच्या काठावर बायका रिकाम्या घागरी घेऊन थिजल्या होत्या. खाली शेवटच्या पायरीवर साहेब विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बसले होते. उजवा पाय पाण्यात, डोळे मिटलेले.

"हाश्श!" ते म्हणाले. "आत्ता कुठे आग थांबली बघा, डॉक्टर."

साहेबांच्या घोट्यावरचा फोड फुटला होता, आणि त्यातून सुतासारखा एक पांढरा धागा नितळ पाण्यात हळूहळू बाहेर येत होता.