मुन्नीबाईचं तिकीट

"दीदी, जरा हात जोडिए. और चेहरा थोडा... समझो ना, दुखी," गोंदियाहून आलेला फोटोवाला धर्मेंद्र म्हणाला.

मुन्नीबाईनं हात जोडले नाहीत. ती समोरच्या दाराएवढ्या पुठ्ठ्याच्या चेककडं बघत होती. दरेकसाजवळच्या त्या गावात असला चेक कोणी पाहिला नव्हता, म्हणून धानाची मळणी अर्धी टाकून अख्खं गाव समाजमंदिरासमोर जमलं होतं. चेकवर रक्कम ऐंशी हजार, देणारे राइस मिलचे मालक केशोराव, आणि खाली ठसठशीत लाल अक्षरांत, 'निराधार विधवेस मदतीचा हात'.

निराधार! जी बाई बारा वर्षं सात गावांचे हातपंप दुरुस्त करते, दीडशे फूट खोलातून लोखंडी पाइप वर ओढते, ती म्हणे निराधार! मुन्नीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शेठ, हे काय लिहून आणलं जी?"

केशोराव हसले. माणूस तसा वाईट नव्हता. मंडईच्या जत्रेतल्या नाटकाला वर्गणी द्यायचा, लग्नाकार्यात भारी आहेर करायचा. फक्त दिलेलं चारचौघांत दिसलं पाहिजे, एवढाच शौक.

"अवो मुन्नीबाई, असंच लिहा लागते. तुमचं काम झालं ना? सोमवारी तिकीट काढा अन् जा मलावीले."

मलावी म्हणजे तिकडं आफ्रिकेतला देश. तिथल्या खेड्यांत हातपंप आहेत, पण बिघडले की दुरुस्त करायला कोणी नाही. सहा महिने राहून तिथल्या बायांना हे काम शिकवायचं, एक पैसा न घेता. राहणं-खाणं एक संस्था बघणार, जाण्या-येण्याचं तिकीट मात्र जिचं तिनं उभं करायचं, आणि ते काढायला परवाचा सोमवार शेवटचा दिवस. 'अवो, तिथली भाषा तुले कशी समजन?' असं कोणी विचारलं की मुन्नीबाई सांगायची, नट कोण्याही देशात डावीकडंच सुटते. तिला जायचं होतं. महिनाभर दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून तिनं केशोरावांकडं शब्द टाकला होता.

"मी भीक मागाले नाही जाऊन राहिली शेठ, शिकवाले जाऊन राहिली," ती म्हणाली. "तिथं मेकॅनिक लिहा. मंग काढा पाहिजे तेवढे फोटो."

केशोरावांचं हसू मावळलं, आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. "निराधार नाहीस, तर मग पैसा मागतेस कायले?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. मुन्नीबाईच्या मनात आलं, एकदा हात जोडले असते तर काय झिजले असते? तिनं तळहात पाहिले. घट्टेच घट्टे.

"न्या तुमचा चेक परत."

केशोरावांनी ड्रायव्हरला खूण केली. "उचल रे. पाहतो मी, कोण काढते हिचं तिकीट."

"थांबा जी!" म्हातारी शामकलाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. केशोरावांकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही, ती गावाला बोलली. "खळ्यावर सुताराले धान भेटते. लोहाराले भेटते, न्हाव्याले भेटते. बारा वर्सं पाणी पाजून राहिली हे पोरगी. हिले कोणी सूपभर तरी देल्लं काय?"

कोणीच दिलं नव्हतं. कंजुषी नव्हती हो त्यात. कारागिराला खळ्यावर धान द्यायची रीत आजा-पणजाच्या वेळची, हातपंप आले मागाहून. शिवाय लुगडं नेसलेला कारागीर कोणी कधी पाहिला होता? कोणाच्या ध्यानातच आलं नाही. माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली.

"चुकलं ना आपलं? मंग बारा वर्सांचं एकदम द्या," शामकलाबाई म्हणाली. "माह्या घरून दोन कट्टे धान."

"माह्येही दोन," कवडू म्हणाला.

"माह्ये तीन!" लीलाधर मागून ओरडला. "पण जायच्या आंधी आमच्या टोल्याच्या वस्तीवरचा पंप पाहून जाजो, नाही तं त्या मलावीवाल्यायच्या आंधी आमीच मरू तहानेनं!"

हशा पिकला. मग घराघराची नावं निघाली, एक पोतं, दोन पोती, आणि तिकिटापुरतं होऊनही बोलणाऱ्यांना थांबवायची पाळी आली. मुन्नीबाईचे डोळे भरून आले. ते तिनं तसेच राहू दिले. धर्मेंद्रनं कॅमेरा वर केला होता, पण आता हात जोडायला कोणाला सांगावं हे त्याला कळेना.

केशोराव गाडीपाशी थांबले. एवढ्या लोकांत असं गप्प निघून जायची त्यांना सवय नव्हती. "वा रे वा! मग कट्टे घेऊन विमानात बसशील काय?"

मुन्नीबाईनं डोळे पुसले आणि पदर कमरेला खोचला.

"नाही शेठ. उद्या सकाळी ट्रॅक्टर भरून तुमच्याच मिलवर विकाले आणून राहिली. तुमी फकत काटा सरळ ठेवा."