गादीवाल्यांची दुसरी शाखा

"जाहिरात बंद करायची की चालू ठेवायची, तेवढं चारपर्यंत कळवा," असं रेडिओवाल्याने सकाळी सांगितलं होतं. आता पावणेचार वाजले होते आणि गादीवाल्यांची बायको दुकानात एका सिंगल गादीच्या कोपऱ्यावर बसून मुलीशी वाद घालत होती.

"आई, बंद करून टाक. लोक हसतायत."

"हसू देत. हसवायलाच केली होती."

बोलली ती ठामपणे, पण आतून तिचंही काही ठरत नव्हतं. रोज पावणेनऊला बातम्या संपल्या की घरातल्या रेडिओवर नवऱ्याचा खणखणीत आवाज यायचा, "कंबर धरलीय? मान अवघडलीय? सरळ दुकानात या आणि झोपा! गादी नाही पटली तर परत आणा. मी कुठे पळून जात नाही!" त्यांना जाऊन आज पंधरा दिवस झाले होते आणि माणूस रोज सकाळी हे धडधडीत खोटं बोलत होता. तिला ते ऐकवत नव्हतं. पण पावणेनऊला घर गप्प राहिलं, तर तेही सोसवणार नव्हतं.

तसं त्यांचं जाणंही त्यांच्यासारखंच. रोज दुपारी एक ते दोन ते दुकानाच्या काचेमागे, भर रस्त्यासमोर, नव्या गादीवर ताणून द्यायचे. उशाशी पाटी असायची : 'माल तपासतोय. उठवू नये.' अख्खं गाव त्यावर घड्याळ लावायचं. त्या दिवशी झोपले ते झोपलेच. दोन वाजून गेले तरी तीन गिऱ्हाइकं पाऊण तास हळू आवाजात बोलत थांबली, पण पाटीचा मान राखून कुणी उठवलं म्हणून नाही. डॉक्टर येऊन गेले, रडारड झाली, आणि त्या तिघांतला एक चार दिवसांनी येऊन तीच गादी मागू लागला. "इतकी शांत झोप मी कुणाची पाहिली नाही," म्हणाला. खरं तर तिला राग यायला हवा होता. ती पोट धरधरून हसली आणि गादी त्याला देऊन टाकली.

दार ढकलून एक बाई आत आल्या. सत्तरीच्या, नीटनेटक्या, हातात रुमालात गुंडाळलेला मोबाइल.

"मी तुमची दुसरी शाखा," त्या म्हणाल्या.

मायलेकी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"म्हणजे, जाहिरातीतला नंबर माझा आहे. शेवटचे दोन आकडे त्यांनी उलटे सांगितलेत. अकरा वर्षं झाली. गाद्यांचे फोन मलाच येतात. मी नाव-पत्ता विचारते, डबल की सिंगल ते विचारते आणि संध्याकाळी त्यांना कळवायचे."

आता आईच्या डोक्यात प्रकाश पडला. रोज संध्याकाळी नवरा फोनवर "बोला, शाखाप्रमुख!" म्हणून खदखदून हसायचा. तिला वाटायचं, असेल कुणीतरी जाडजूड मिशांचा व्यापारी.

"अहो, पण तुम्ही बाबांना सांगितलं कसं नाही?" मुलीने विचारलं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं. चांगलं झापलं. मग ते घरी आले माफी मागायला, उशी घेऊन. म्हणाले, उद्याच्या उद्या दुरुस्त करून घेतो." बाईंनी रुमालाची घडी सरळ केली. "तोवर सतरा फोन येऊन गेले होते. मी रिटायर झाल्यापासून वर्षभरात तेवढे आले नव्हते. मी म्हटलं, राहू द्या."

"तुम्ही बंद करणार असाल तर करा, हक्कच आहे तुमचा. मी फक्त विचारायला आले. उद्यापासून फोन चार्ज करायचा की नाही, एवढंच."

आईच्या मनात आलं, काय लबाड माणूस! अकरा वर्षं स्वतःची चूक जपून ठेवली आणि घरात त्याबद्दल अवाक्षर नाही. तिला त्यांचा अभिमान वाटला आणि आपल्यालाही सांगितलं नाही म्हणून थोडा रागही आला.

तेवढ्यात रुमालातला फोन वाजला.

बाईंचा चेहरा खुलला. "नमस्कार, गादीचं दुकान, बोला... हो... हो, आहेत ना... एक मिनिट हं." त्यांनी फोनवर हात ठेवला. "नवीन राहायला आलेत इथे. त्यांना काही माहीत नाही. मालकांशीच बोलायचं म्हणतायत. काय सांगू?"

मुलीने आईकडे पाहिलं. आईने हात पुढे केला होता.

"बोला," ती फोनमध्ये म्हणाली. "मालकच बोलतेय."

पलीकडचा माणूस आपलं दुखणं सांगू लागतो न लागतो, तोच टेबलावरचा दुकानाचा फोनही वाजला. मुलीने तो उचलला. "आई, रेडिओवाले. चार वाजले म्हणतायत."

"सांग, चालू ठेवा. आणि नंबरला हात लावू नका म्हणावं."

मग तिने मोबाइल पुन्हा कानाला लावला, दोन्ही पाय गादीवर घेऊन ऐसपैस बसली आणि विचारलं, "हं, आता सांगा. कुशीवर झोपता की पाठीवर?"