भिंगरीचे गुण

थापा मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही. माझी नात भिंगरी, वय सात. आजार असा दुर्मीळ, की शिकलेलं एकेक पुसत नेतो. नव्या औषधाच्या चाचणीत तिचं नाव होतं. दर सहा महिन्यांनी चाचणीच्या मॅडम फोनवर विचारायच्या, “आजोबा, ती हातानं जेवते? बटणं लावते? बोलते?” आणि गुण द्यायच्या. गुण घसरले की औषध बंद, असं मी धरून चाललो होतो.

“जेवते? अहो, मला भरवते! बोलते? कान किटले माझे!”

खरं तर तिच्या हातात चमचा राहत नव्हता. चार महिने तोंडातून शब्द नव्हता.

आज मॅडम खुशीत होत्या. “आजोबा, तुमच्या गटाला तुलनेसाठी नुसतं साखरपाणी होतं. खरं औषध आता घसरलेल्या मुलांना देणार. भिंगरीला गरजच नाही!”

“मॅडम, मी सगळं खोटं सांगितलं हो!”

“पुरे तुमच्या थापा. तिला द्या बघू फोन.”

मी फोन तिच्या तोंडाशी धरला आणि देवाला विनवलं, आज एक शब्दही नको.

भिंगरीनं माझ्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाली, “आजोबा.”