मुका भुसा

"कुंडीत माती घालायची नाही म्हणजे नाही," तनुजा दबक्या आवाजात म्हणाली.

सासूबाईंनी घमेलं खाली ठेवलं. "अगो, नारळाच्या भुशात कधी झाड जगतं?"

"जगतं. आणि भुसा मुका असतो, आई."

गांजा शोधायला सरकारने जमिनीत खास जंतू सोडल्यापासून गावची माती मुकी राहिली नव्हती. गांजाच्या मुळांचा अंश लागला की ती निळी पडायची आणि ड्रोनना वरूनही दिसायची. तनुजाच्या लहान लेकीच्या, मुक्ताच्या आकडीवर गांजाचंच तेल लागू पडत होतं. ते देणाऱ्या लवूकाकांना उचलून नेलं, ते परत आलेच नाहीत.

तनुजाने भुसा धुऊन कुंडी भरली, तीत गांजाचं बी लावलं आणि ती न्हाणीत लपवली. झाड वाढलं, तेल निघालं. मुक्ता पुन्हा खेळायला लागली. पण पाखरू फडफडलं तरी तनुजा दचकायची.

एका सकाळी कुंडीखालची थाळी कोरडी दिसली.

"आई, थाळीतलं पाणी कुठे गेलं?"

"तुळशीला घालते कालपासून. एवढं चांगलं पाणी मोरीत कशाला ओतायचं?"

"तुळशीत माती आहे, आई!"

"पण मूळ कुठे लागलं मातीला? नुसतं पाणी ते."

तनुजा धावत सुटली. तुळस छान तरारली होती. तिच्या बुंध्यापासून निळा ओघळ अंगणभर पसरला होता, आणि मुक्ता त्याच मातीचे लाडू वळत बसली होती.

माडांच्या वर घरघर ऐकू आली. मुक्ताने हसून दोन्ही निळे हात वर केले आणि ड्रोनला टाटा केला.