करपलेली घरं

खाली शहरात बाराच्या घंटा वाजायला लागल्या, तेव्हा झेनोबियाचं यंत्र त्याच इवल्याशा घराच्या त्याच भिंतीवरून सहाव्यांदा चाललं होतं.

लेझरचा निळा ठिपका सरकत होता. धूर निघत होता. प्लायवूड तुटत नव्हतं.

पुन्हा.

आलासीतेच्या जत्रेच्या दिवशी दुपारचे बारा म्हणजे बारा. वर्षभरात जे हवं असेल ते बोटाएवढं विकत घ्यायचं, गाडी, पदवी, घर, आणि भर बाराला धुपाच्या धुरावर धरायचं. मग ते खरं होतं. नंतर तीच वस्तू पोरांचं खेळणं. अख्खं ला पाझ आत्ता हात पुढे करून धुरात उभं असणार. आणि तिची घरं इथं, वर एल आल्तोत, तिच्या खोलीत, अर्धवट.

पुन्हा.

वेग कमी केला की कडेचा कोळसा. वाढवला की किरण अर्ध्या लाकडातून माघारी. भिंग पुसून झालं. पातळ प्लाय आणून झालं, ते पावसानं दमट निघालं. यंत्राला दोन थपडाही मारून झाल्या.

"यंदा माल परत घेऊन आले, तर आईची जागा तुमची," असं ती दिरापुढे बोलून बसली होती. जत्रेतल्या त्या कोपऱ्यात तिच्या आईनं जन्मभर प्लास्टरची घरं विकली. झेनोबियानं लाकडाची करायची म्हणून हे पाच वॉटचं यंत्र घेतलं. त्याच वर्षी मकारिओनं, तिच्या दिरानं, मोठं आणलं. कपाटाएवढं. आत काचेची लांब नळी, पाण्याचा पंप, वाऱ्याचा झोत. एकदा फिरलं की घर सुटून हातात, कडा बदामी, खिडकीला गजसुद्धा.

"वहिनी, तुमचं यंत्र पेनावर नाव कोरायला झकास," मकारिओ म्हणाला होता. "घर कापायला दम लागतो. जागा मला द्या आणि माझ्याकडे कामाला या. बसून डिंक लावायचा, बास."

"आणि माझं यंत्र?"

"पाव शेकायला ठेवा."

पुन्हा. भिंत सुटली. खाली बाराला उडालेल्या फटाक्यांचा आवाज तोवर विरला होता. खोलीत धुरानं समोरचं दिसत नव्हतं. तिनं खिडकी उघडली, खोकली, आणि चटके बसत असतानाच घरं चिकटवून टोपलीत भरली. नेऊन काय करणार, हे तिला कळत नव्हतं. पण न नेता हरणं तिला जमेना.

रोपवेच्या डब्यात खाली जाणारी ती एकटी. वर येणारे डबे भरलेले. काचेला टेकलेली माणसं आपापली घरं, आपापल्या गाड्या छातीशी धरून बसलेली.

जत्रेत आईच्या जागेशेजारच्या आपल्या दुकानात मकारिओ मक्याचं कणीस खात होता. ताटात तळलेलं चीज होतं.

"आलात? जेवून घ्या. जत्रा झाली." त्यानं टोपलीत डोकावलं. "वहिनी, ही घरं विकायला आणलीत की शेगडीत घालायला?"

आईच्या फळीवर तिनं एकेक घर मांडलं. काळ्या कडा, काळी छपरं. बोटंही काळी. मकारिओच्या फळीवर उरलेली वीसेक घरं नुकती आंघोळ केल्यासारखी उभी होती. एक बाई थांबली, झेनोबियाच्या घरांकडे बघून तिनं नाक मुरडलं आणि पुढे गेली.

मग पाठीवर गाठोड्यात मूल बांधलेली दुसरी एक बाई धावत आली. गुडघ्यापर्यंत चिखल.

"ओरुरोहून निघाले. वाटेत रस्ता अडवलेला, शेवटचा पल्ला चालत आले. बारा चुकले माझे." तिला धाप लागली होती. "धूर दिलेलं घर आहे का कुणाकडे? तिसऱ्यांदा खोली सोडायला लावलीय आम्हाला."

"हे घ्या ना," मकारिओ कणीस खाली ठेवत म्हणाला. "माझी सगळी धूर दिलेली."

बाईनं घर उचललं. नाकाशी नेलं. परत ठेवलं.

"ह्याला डिंकाचा वास येतो, भाऊ."

ती झेनोबियाच्या फळीपाशी आली. एक घर उचलून हुंगलं. पुन्हा हुंगलं, डोळे मिटून. मग ते शालीखाली धरलं, जणू कुणी काढून घेईल.

"कासेरिता," इथे दुकानदाराला लाडानं म्हणतात तसं ती म्हणाली, "हे धुरातलं आहे."

"बाई, तो धूर माझ्या यंत्रा—"

"धूर कुणाचा ते नाही विचारलं मी." बाईनं तिचं काळं बोट धरलं. "बाराला हे धुरात होतं का, एवढंच सांग. खरं सांग."

मकारिओही मान वळवून बघायला लागला.

झेनोबियानं घराकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिला कशाची घाई नव्हती.

"होतं," ती म्हणाली. "घंटा वाजायला लागल्या तेव्हाही होतं, थांबल्या तेव्हाही."