पहिला सोमवार

"ज्या एका माणसामुळे तुमची इतकी वर्षं सार्थकी लागली, त्याचं नाव चिठ्ठीवर लिहा," प्रशिक्षक म्हणाले, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

व्यसनमुक्ती केंद्राच्या सभागृहात नऊ समुपदेशक बसले होते. मागच्या वर्षी चौदा होते. पाच जण थकून गेले, कोणी शाळेत, कोणी विमा विकायला. उरलेल्यांनी थकू नये म्हणून हा एक दिवसाचा वर्ग ठेवला होता.

"आधी स्वतःला जपा. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"आड कधीच बुजलाय, सर. वर पार्किंग झालंय," मागून कोणीतरी म्हणालं.

सगळे हसले. ताईही हसली, पण तिला हसू काही आलं नव्हतं.

ताई केंद्रातली सर्वांत जुनी. सतरा वर्षं तिने लोकांची रडगाणी ऐकली आणि त्यातली बहुतेक माणसं पुन्हा प्यायला गेलेली पाहिली. गेल्या बुधवारी तिचा एक पेशंट गेला. तेवीस वर्षांचा होता, चौथ्यांदा बरा होऊन घरी गेलेला. त्याच्या वडिलांचा फोन आला तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला, तो हा, की आता त्याच्यासाठी खाट राखून ठेवायला नको. तिला स्वतःची किळस आली. दुसऱ्या दिवशी किळसही आली नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

अकरा महिने तिच्या पर्समध्ये राजीनामा होता. तारीख तेवढी बदलायची.

"दे की एकदाचा," नवरा म्हणायचा. "घरी येतेस ती नुसती पर्स ठेवायला."

त्याचं खोटं नव्हतं. पण रंगारी होता ना!

तिने चिठ्ठीवर 'रंगारी' एवढंच लिहिलं. शेजारणीची चिठ्ठी कोरी होती.

रंगारी पाच वर्षांपूर्वी आला तेव्हा ब्रश, शिडी सगळं विकून प्यायला होता. बायको मुलीला घेऊन माहेरी गेलेली. तीन महिने राहून तो बाहेर पडला आणि पुढच्या पहिल्या सोमवारी ताईला भेटायला आला. त्या दिवशी ती दोन पेशंटांच्या बातम्या ऐकून टेबलावर डोकं टेकून बसली होती. "मी ठीक आहे, ताई," तो म्हणाला, आणि तिने डोळे पुसले, डबा उघडला.

तेव्हापासून एक पहिला सोमवार चुकला नाही. सव्वादहाच्या ठोक्याला, इस्त्रीचा शर्ट घालून, हजर. हात जरा कापायचे. दिवसभर शिडीवर उभं राहून छतं रंगवणाऱ्याचे कापणारच. तीन जिने चढून घामाघूम व्हायचा, घटाघटा पाणी प्यायचा. तपासणीच्या यादीतून त्याचं नाव ताईनेच काढलं होतं. सगळ्या जगावर संशय घ्यायचा, एकावर तरी नको.

आजही तो आला. ती वर्गातून उठून आपल्या खोलीत गेली.

"वेळेवर जेवता ना, ताई? झोप लागते?"

"समुपदेशक मी की तुम्ही?" ती म्हणाली. हे दर महिन्याचं होतं. "तुमचं सांगा, दादा."

"माझं झकास. कामाला तोटा नाही."

तो पाणी प्यायला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मघाशी प्रशिक्षक म्हणाले होते, आपण गेलो तर कोणी बुडेल, हा गर्व आधी सोडा. बोलणं सोपं आहे. हा बुडाला तर सतरा वर्षांत तिच्या हाती शून्य उरणार होतं.

"दादा, मी नोकरी सोडायचं म्हणतेय."

त्याने पेला खाली ठेवला.

"दुसऱ्या ताई आहेत, खूप चांगल्या आहेत," ती घाईघाईने म्हणाली. "तुमचा सोमवार चुकणार नाही. माझा नंबरही आहेच तुमच्याकडे."

"नक्की ठरलं?"

"तुमच्यावर आहे. मी नसले तर तुम्ही टिकाल? खरं सांगा. जरा जरी शंका असेल, तरी हा कागद आत्ता फाडते."

तिने राजीनामा टेबलावर ठेवला. आज पहिल्यांदाच तो पर्सबाहेर आला होता. रंगाऱ्याने तो दोन्ही हातांनी उचलला, सावकाश वाचला आणि तिच्यापुढे सरकवला. खिशातलं पेन काढून वर ठेवलं.

"सही करा, ताई. माझी काळजी सोडा."

तिने सही केली. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिला भरून आलं. एक माणूस तरी आपल्याशिवाय उभा राहू शकतो, एवढं तिला पुरे होतं.

रंगारी खुर्चीत मागे रेलला आणि त्याने मोठा श्वास सोडला.

"बरं झालं, ताई," तो म्हणाला. "मला बघून तुम्हाला उभारी येते म्हणून महिन्यातला हा एक दिवस न पिता काढायचो, पण आता मलाही झेपत नव्हतं."