गप्प गट

वॉर्डातल्या बडबड्या सिस्टर पन्नाशीत संशोधन पद्धती शिकायला लागल्या. विषय घेतला, नर्स बोलत राहिली तर इंजेक्शन कमी दुखतं का? निम्म्या पेशंटशी नेहमीसारख्या गप्पा, उरलेल्यांसमोर तोंडाला कुलूप. सिस्टरनी महिनाभर कशीबशी कळ काढली.

आकडे आले, तर गप्प गटालाच कमी दुखलेलं!

"म्हणजे इतकी वर्षं तुमचं बोलणंच टोचत होतं वाटतं," मार्गदर्शक बाई हसू दाबत म्हणाल्या.

सिस्टर तणतणत गप्प गटातल्या आजोबांकडे गेल्या. "खरं सांगा आजोबा, सुई दुखली नाही?"

"सुईकडे लक्ष होतं कुणाचं? तुम्ही अवाक्षर बोलेनात, आमचा जीव टांगणीला. घरी सगळं बरं आहे ना?"